जिन्यावर अडतं की चढावर?

अगं, बस जरा निवांत. घडीची सायकल घ्यायची की कॉलेजपासूनच्या त्या गिअरच्या सायकलीला मोटरचं किट बसवून घ्यायचं, या विचारात तू किती दिवस घुटमळते आहेस ते मला दिसतंय. एक दुकानदार घडीची दाखवतो, दुसरा म्हणतो, ताई, आता जमाना इलेक्ट्रिकचा. घरी बाबा म्हणतात, त्यापेक्षा सरळ स्कूटर घे. मी आज तुला एवढ्यात काहीच घ्यायला सांगणार नाहीये. आधी एक प्रश्न विचारते. त्याचं उत्तर मला दिलं नाहीस तरी चालेल, पण स्वतःला खरंखरं दे. रोजच्या वाटेवर तुझं नेमकं कुठे अडतं, जिन्यावर की चढावर?

जिना म्हणजे सायकल ठेवण्याची, उचलण्याची, सोबत नेण्याची अडचण. बिल्डिंगला लिफ्ट नाही, पार्किंगमधून सायकली चोरीला जातात, ऑफिसचा गार्ड आत घेऊ देत नाही, मधला टप्पा मेट्रोने किंवा बसने करायचाय. हा सगळा जिनाच. चढ म्हणजे अंतर, दम, घाम आणि गुडघे. घडीची सायकल जिन्याचं उत्तर आहे, मोटर चढाचं. जिन्याच्या दुखण्यावर मोटर आणलीस, किंवा चढाच्या दुखण्यावर घडी आणलीस, तर पैसे जातील आणि वर्षाच्या आत सायकल धूळ खात पडेल. मला तुझे पैसे वाया गेलेले चालतील एक वेळ, पण तुझा सायकलीवरचा जीव उडालेला नाही चालणार.

या दोन्ही गोष्टी जन्मल्याच वेगवेगळ्या गरजांतून. लंडनमध्ये अँड्र्यू रिची या तरुण इंजिनिअरने १९७५ च्या सुमारास राहत्या घरातच ब्रॉम्प्टन या घडीच्या सायकलीचं पहिलं रूप जुळवलं. लहान चाकं, आणि मागचं चाक खाली दुमडून सायकलीचं गाठोडं व्हावं अशी रचना. आगगाडी, ऑफिस, फ्लॅट यांच्या मधे मधे जे तुटक तुटक अंतर उरतं, त्यासाठी ती होती. अमेरिकेत डॉ. डेव्हिड हॉन यांनी १९८२ मध्ये डाहॉन कंपनी काढली, तीही याच वाटेने. मोटरची गोष्ट जपानची. यामाहाने १९९३ मध्ये ‘पास’ नावाची सायकल बाजारात आणली. पॅडल मारलं की मोटर हात देते आणि थांबलं की तीही थांबते, हे तत्त्व तिथून रुळलं. बाजारहाट करणाऱ्या, मुलांना शाळेत सोडणाऱ्या, चढावर राहणाऱ्या साध्या माणसांसाठी ती होती. म्हणजे एकीने जागेचा प्रश्न सोडवला, दुसरीने ताकदीचा.

आता तुझी वाट बघू. घर पुण्यात बावधनला, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर. ऑफिस विमाननगरला. मधे वनाज ते रामवाडी मेट्रो आहे. मार्च २०२४ मध्ये रामवाडीपर्यंत सुरू झाल्यापासून शहर ओलांडायचा तुझा मोठा भार तिनेच उचललाय. मेट्रोत सायकल नेता येते, स्टेशनांना लिफ्ट आहेत. तेव्हा तुझ्या पायांवर उरतं काय? सकाळी चांदणी चौकाकडून वनाजपर्यंतचा उतार, रामवाडीपासून ऑफिसपर्यंतचा सपाट तुकडा, आणि संध्याकाळी दमलेल्या अंगाने वनाजहून घराकडचा चढ. तुझ्या वाटेत जिनाही आहे आणि चढही आहे, म्हणून तर तू अडकलीस. पण दोन्ही सारखे जड नाहीत. ते मोजता येतं.

चढ मोजायची साधी रीत सांगते. शंभर मीटर पुढे गेल्यावर पाच मीटर उंच गेलीस, तर तो पाच टक्क्यांचा चढ. तुझं वजन साठ किलो आणि सायकल पंधरा किलोची धर. सपाट रस्त्यावर ताशी पंधराच्या वेगाने जायला पायांना साधारण पन्नास वॉट ताकद लावावी लागते. हा वेग तासभर टिकवला तरी अंगावर येत नाही. त्याच वेगाने पाच टक्क्यांचा चढ चढायचा म्हटलं तर दोनशेच्या आसपास वॉट लागतात, चौपट. सराव नसलेल्या बाईला शंभर वॉटसुद्धा दहा-पंधरा मिनिटांत दमवतात. म्हणून तू चढावर धापा टाकतेस, तेव्हा ‘माझ्यात दमच नाही’ असं मनाला लावून घेऊ नकोस. चढाचा हिशोबच तसा आहे. पण वेग ताशी नऊवर आणलास की तोच चढ शंभर-सव्वाशे वॉटांत निघतो. हळू चढणं ही सुद्धा ताकदच आहे, आणि ती गिअरमधून मिळते.

हे गिअरचं जरा समजून घे, कारण घडीच्या सायकलींबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. ‘चाक लहान म्हणजे चढावर जड’ असं लोक बोलतात, ते बरोबर नाही. पॅडलचा एक पूर्ण फेरा मारल्यावर सायकल किती पुढे जाते, तेवढंच बघायचं. २० इंची चाक, पुढे ५२ दात्यांचं चक्र आणि मागे सगळ्यात मोठं २८ दात्यांचं असेल, तर सगळ्यात हलक्या गिअरमध्ये एका फेऱ्याला सायकल जवळपास २.८ मीटर जाते. तुझ्या जुन्या गिअरच्या सायकलीला पुढे २८ आणि मागे ३४ दाते असतील, तर हेच अंतर पावणेदोन मीटरच्या आसपास येतं. म्हणजे तुझी मोठ्या चाकाची सायकल चढावर कितीतरी हलकी. कारण चाक नव्हे, दाते. तेव्हा घडीची सायकल बघशील तेव्हा दुकानदाराला पुढचे आणि मागचे दाते विचार. एकच गिअर असलेली घडीची सायकल तुझ्यासाठी नाही, ती कितीही गोंडस दिसली तरी. पुढचं चक्र लहान करून मिळत असेल, किंवा मागे ३२ दात्यांपर्यंतचा सेट बसत असेल, तर ते थोडे जास्तीचे पैसे दे. चढाचं अर्धं दुखणं तिथेच संपतं.

आता जिना. घडीच्या सायकलीची जाहिरात बघितली की वाटतं, पर्ससारखी उचलायची आणि निघायचं. आपल्याकडे परवडणाऱ्या २० इंची घडीच्या सायकली बहुतेक बारा ते पंधरा किलोच्या असतात. पंधरा किलो म्हणजे घरातलं रिकामं गॅस सिलिंडर. ते हातात घेऊन तीन मजले, रोज संध्याकाळी, खांद्यावर लॅपटॉपची बॅग असताना. ब्रॉम्प्टन अकरा-बारा किलोंची आणि घडीही खूप लहान, पण तिची किंमत लाखाच्या वर जाते. तेव्हा दुकानात नुसतं चालवून बघू नकोस, उचलून बघ. जवळ जिना असेल तर दुकानदाराला विचारून एक मजला चढून बघ. तो हसला तर हसू दे.

दुकानात आणखी काय बघायचं ते सांगते. घडी स्वतः घाल आणि स्वतः उघड, त्याने करून दाखवलेली धरायची नाही. पहिल्यांदा बोटं चाचपडतील, पण चौथ्या-पाचव्यांदाही चाचपडत असतील तर मेट्रोच्या दारात ती तुझ्याकडून होणार नाही. मधल्या बिजागरीची कडी घट्ट बसते का, हँडलचा दांडा उघडल्यावर हलतो का, हे पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे ढकलून बघ. खडखड जाणवली तर नको. घडी घातल्यावर ती चाकांवर ढकलत नेता येते का, हे विचारायला लोक विसरतात. मेट्रोच्या फलाटावर उचलण्यापेक्षा ढकलायचीच वेळ जास्त येते. घडी आपोआप उघडू नये म्हणून चुंबक किंवा पट्टा आहे का तेही बघ. आणि सायकल किती वजन पेलते ते माहितीपत्रकात वाचून त्यात स्वतःचं आणि बॅगेचं, दोन्ही वजनं मिळून बसतात का ते बघ.

लहान चाकांची एक खरी अडचण आहे, ती लपवत नाही. खड्डा तोच, पण लहान चाक त्यात जास्त खोल जातं आणि दणका थेट मनगटात येतो. हँडलही चटकन वळतं. एका हाताने सिग्नल देताना सुरुवातीला सायकल डगमगते. पावसाळ्यात पाण्याखालचा खड्डा दिसत नाही, तेव्हा जपून. टायर जरा रुंद, पावणेदोन इंचांचं घे, हवा टायरवर लिहिलेल्या मर्यादेत ठेव, आणि पहिले काही दिवस गल्लीत सराव कर. हात बसला की भीती जाते.

आता मोटरकडे वळू. किट म्हणजे मोटर, बॅटरी, कंट्रोलर, पॅडल फिरतंय का हे ओळखणारा सेन्सर, आणि मोटर बंद करणारे ब्रेकचे लिव्हर. सगळं मिळून सायकलीवर पाच ते सात किलो चढतात. आपल्याकडे जास्त चालते ती हब मोटर, म्हणजे चाकाच्या मध्यात बसणारी. आत गिअर असलेली हब मोटर घे. ती बंद असताना चाक मोकळं फिरतं. बिनगिअरची डायरेक्ट हब जड असते आणि बॅटरी संपल्यावर पायांना ओढ देते. तिसरा प्रकार क्रँकजवळ बसणाऱ्या मिड-ड्राइव्हचा. ती सायकलीचे गिअर वापरते, म्हणून मोठ्या चढावर सरस. पण महाग, आणि चेन-गिअर लवकर झिजवते.

किट घ्यायच्या आधी सायकलच त्या लायकीची आहे का, हे एखाद्या जुन्या जाणत्या मेकॅनिकला दाखव. पुढच्या चाकात मोटर बसवायची असेल तर ते चाक धरणारा चिमटा लोखंडी हवा. अॅल्युमिनियमच्या चिमट्यात पुढची मोटर बसवू नकोस, कोणी कितीही स्वस्तात दिली तरी. मोटर जोर लावते तेव्हा तिचा आस उलट्या दिशेने फिरायला बघतो. चिमट्याची खाच रुंदावली की आस गरकन फिरतो, वायर तुटतात आणि चाक निसटू शकतं. ते थोपवायला टॉर्क आर्म नावाची लोखंडी पट्टी आसाला धरून बसवतात. ती लावल्याशिवाय सायकल दुकानाबाहेर काढायची नाही. माझं ऐकशील तर मोटर मागच्या चाकात घे. वजन तुझ्या अंगाखाली राहतं आणि ओल्या रस्त्यावर पुढचं चाक घसरत नाही. ब्रेक आधी नीट करून घे, मोटर नंतर. पहिल्या आठवड्यात आसाचे नट पुन्हा आवळून घे आणि चाकाचा आऊट काढून घे, कारण नव्या स्पोकांना बसायला वेळ लागतो.

सेन्सरमध्येही फरक असतो. स्वस्त किटमध्ये पॅडल नुसतं फिरतंय एवढंच कळणारा सेन्सर असतो. तू हलकेच पाय फिरवलास तरी मोटर पूर्ण जोर लावते, आणि सिग्नलला गर्दीत ते अंगावर येतं. पायाचा दाब ओळखणारा टॉर्क सेन्सर महाग, पण तो तुझ्या ताकदीला ताकद जोडतो. साधाच सेन्सर घेतलास तर ब्रेक दाबताक्षणी मोटर बंद करणारे लिव्हर घेतल्याशिवाय राहू नकोस, आणि गर्दीत मदत सगळ्यात खालच्या पायरीवर ठेव.

कायद्याचंही ऐक. मोटर २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून वजन साठ किलोंच्या आत, पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तक, शिवाय नीट चालणारे ब्रेक. एवढ्या चौकटीत असलेली सायकल केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटार वाहन धरली जात नाही. लायसन्स नको, नंबरप्लेट नको. पॅडलला मदत करणारी मोटर असेल तर ताशी २५ ला, किंवा तू पॅडल थांबवलंस की त्याआधीच, ती बंद पडायला हवी. दुकानदार डोळे मिचकावून म्हणेल, ‘ताई, लॉक काढून देतो, पस्तीसने पळेल.’ हो म्हणू नकोस. त्या क्षणी तुझी सायकल बिननोंदणीचं वाहन होते, आणि कुणाला धक्का लागला तर तू एकटी पडशील. सायकलीचे ब्रेक आणि फ्रेमही त्या वेगासाठी केलेले नसतात.

बॅटरीवर पैसे वाचवू नकोस, हे तर मी पुन्हा पुन्हा सांगेन. किटमधला सगळ्यात महाग भाग तोच असतो, म्हणून काटछाटही तिथेच करतात. ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तास म्हणजे ३६० वॉट-तास. मध्यम मदत घेतलीस तर किलोमीटरला दहा-बारा वॉट-तास जातात, म्हणजे तीस किलोमीटर आरामात. ‘ऐंशी किलोमीटर चालते’ असं कुणी सांगितलं तर वॉट-तास विचार आणि स्वतः भागाकार कर. विजेचा खर्च तर नगण्य, पूर्ण चार्जला अर्ध्या युनिटच्या आतबाहेर. लेड-अॅसिडची बॅटरी स्वस्तात मिळते, पण ती एकटीच दहा-बारा किलोंची असते. ती घेऊन चढ चढणं म्हणजे मोटरचा अर्धा जीव स्वतःला ओढण्यातच घालवणं. लिथियमची, नावाजलेल्या कंपनीच्या सेलची, बिल आणि वॉरंटी असलेली घे. बॅटरीचं संरक्षण करणारं सर्किट आत आहे ना, हेही विचार.

आता घरच्या सुरक्षिततेचं. ज्या बॅटरीचा चार्जर, तोच वापरायचा. ३६ व्होल्टच्या लिथियम-आयन बॅटरीचा चार्जर ४२ व्होल्ट देतो आणि ४८ व्होल्टचा ५४.६, पण पिन सारखी असू शकते. भावाच्या स्कूटरचा चार्जर ‘बसतोय’ म्हणून लावू नकोस. रात्री सगळे झोपलेले असताना चार्जिंग नको. गादीवर नको, आणि घरातून बाहेर पडायच्या एकमेव दाराजवळ तर मुळीच नको. बॅटरी पडली, फुगली, वास यायला लागला, नेहमीपेक्षा जास्त तापली, तर ‘बघू उद्या’ म्हणायचं नाही. पावसात भिजल्यावर आधी पुसून, वाळू देऊन मग चार्ज कर. पंपाच्या झोताने मोटर धुवायची नाही आणि गुडघाभर पाण्यातून सायकल घालायची नाही. मे महिन्यात उन्हात तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची नाही. सायकल खूप दिवस वापरायची नसेल तर बॅटरी अर्धी भरलेली ठेव, पूर्ण भरून किंवा रिकामी नको. इतकं पाळलंस तर ती काही वर्षं सुखाने चालते. पुढे पल्ला हळूहळू कमी होतो आणि एक दिवस नवी घ्यावी लागते. तो खर्च आजच हिशोबात धर.

तू विचारशील, मग घडीच्याच सायकलीला मोटर बसवली तर? मला माहीत होतं तू विचारणार. लहान चाकात हब मोटर चढावर चांगली चालते, हे खरं. पण पंधरा किलोंची सायकल एकवीस किलोंची होते. वायरी घडीत अडकतात, आणि जिन्याचं जे उत्तर होतं तेच हातातून जातं. लिफ्ट असलेल्या घरात, लिफ्ट असलेल्या ऑफिसात आणि मधे खरा चढ असेल, तर ती जोडी जमते. तिसऱ्या मजल्यावरच्या पोरीने तिच्या वाटेला जाऊ नये. लंडनमध्ये राहणाऱ्या आपल्या एखाद्या मैत्रिणीचं गणित मात्र वेगळं येईल. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या रेनर्स लेन स्टेशनवर इलेक्ट्रिक सायकलीला आग लागली. त्यानंतर ३१ मार्च २०२५ पासून ट्यूबमध्ये घडी न होणाऱ्या इलेक्ट्रिक सायकलींना बंदी आली, किट बसवलेल्यांनाही. तिथे घडी हाच प्रवासाचा परवाना झालाय. आणि विमानाने सायकल नेण्याचं मनात असेल तर लक्षात ठेव, १६० वॉट-तासांच्या वरची लिथियम बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही. सायकलीच्या बॅटऱ्या बहुतेक त्याच्या दुपटीने मोठ्या असतात.

आता थोडं आपल्या आपल्यातलं, जे दुकानात विचारता येत नाही.

घामाची लाज वाटते ना? ऑफिसात पोचल्यावर सगळे बघतील असं वाटतं. एक ज्यादा कुर्ता, छोटा टॉवेल आणि ओल्या वाइप्सचं पाकीट ड्रॉवरमध्ये ठेव, आणि पाच मिनिटं आधी पोच. पंख्याखाली शांत बसलीस की घाम आटतो. सॅक पाठीवर घेऊ नकोस, कॅरिअरवर लाव. पाठीवरचा निम्मा घाम त्या सॅकचा असतो. ओढणी गाठ मारून आत खोच किंवा बॅगेत टाक, आणि सायकलला पूर्ण चेनकव्हर घाल. हौसेपेक्षा जीव मोठा.

पाळीच्या पहिल्या दिवशी चढ नको वाटला तर त्या दिवशी रिक्षाने जा. सायकल ही नेमाची गोष्ट असली तरी शिक्षा नाही. सीट टोचते, बधिर होतं, हे बायका एकमेकींनाही सांगत नाहीत. बहुतेक सायकलींच्या सीट आपल्या बसण्याच्या हाडांसाठी अरुंद असतात. रुंद सीट घे, पुढचं टोक किंचित खाली कर. पॅडल अगदी खाली असताना गुडघा जरासा वाकलेला राहील इतकी सीट उंच हवी. सीट खाली ठेवून चालवल्याने किती गुडघे दुखतात, आणि लोक त्याचं खापर वयावर फोडतात.

आणि मोटर लावली तर ‘ही काय खरी सायकल?’ असं कुणी म्हणेल. मी मोटर वापरते आणि मला त्यात काडीचा कमीपणा वाटत नाही. पाय चालतात, छातीचे ठोके वाढतात, सकाळची हवा अंगाला लागते. चढाचा तेवढा वाटा मोटर घेते, म्हणून माझे गुडघे मला रोज बाहेर पडू देतात. जी सायकल तू गुरुवारी संध्याकाळी, मीटिंग लांबल्यावर, पोटात भूक असतानाही काढशील, तीच तुझी खरी सायकल. रविवारच्या उत्साहावरून ठरवू नकोस.

तर मग ठरवायचं कसं? रत्नागिरीत किंवा पणजीत आल्तिनोच्या टेकडीवर राहत असतीस, घराखाली सायकल ठेवायला कुलूपबंद जागा असती, आणि घर ते काम सगळी वाट सायकलीनेच जायची असती, तर मी डोळे झाकून किट म्हटलं असतं. बॅटरी चावीने काढून तेवढी अडीच-तीन किलोंची वर न्यायची, सायकल खालीच. मुंबईत लोकलच्या वाटेवर असतीस तर घडी, पण गर्दीची वेळ टाळता येत असेल तरच. नाशिक-सोलापूरच्या सपाट रस्त्यांवर पाच किलोमीटर जायचं असतं तर म्हटलं असतं, दोन्ही नको. जुनीच सायकल दुरुस्त कर, टायर-ट्यूब आणि चेन नवी घाल, आणि उरलेल्या पैशांत चांगलं कुलूप घे.

तुझ्या वाटेत मेट्रो आहे, म्हणून अंतर तुझं राहिलेलं नाही. चढ आहे, पण तो एकाच बाजूने आणि दिवसातून एकदाच. उलट सायकल दिवसातून कितीदा उचलायची, ढकलायची, कुठेतरी ठेवायची आहे ते मोज. घर, वनाज, मेट्रोचा डबा, रामवाडी, ऑफिस. शिवाय किटची जड सायकल मेट्रोत चढवायला नको म्हणून वनाजला लावून गेलीस तर रामवाडीपुढचं अंतर पुन्हा रिक्षाच्या मागे. तुझं जिन्यावर अडतं गं. तू घडीची घे. गिअर हलके असलेली, तेरा किलोंच्या आत मिळाली तर उत्तम. तीन मजले रोज चढवणं झेपणार नाही असं वाटलं तर खाली राहणाऱ्या काकूंना जिन्याखालचा कोपरा वापरू का असं विचार. घडी घातलेली सायकल तिथे मावते. संध्याकाळच्या चढावर जिथे दम लागेल तिथे उतर आणि चालत ढकल. बाकीचा रस्ता तुझाच आहे.

पण माझ्या शब्दावरही लगेच पैसे मोजू नकोस. या आठवड्यात ऑफिसहून आल्यावर, दमलेली असतानाच, तुझ्या जुन्या सायकलीवर वनाजला जाऊन परत ये. तो चढ जर असा निघाला की पुन्हा नकोसाच वाटला, तर माझं उत्तर बदलेल. मग किट घे, वनाजला सायकल ठेवायची पक्की सोय शोध, आणि रामवाडीपुढे चालत किंवा रिक्षाने जा. चढ जड गेला पण निघाला, तर घडीची बघायला शनिवारी आपण दोघी मिळून जाऊ. दाते मी मोजते, उचलायची तू.